लहान मुलांसाठी चित्रपुस्तकांची शिफारस : तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीतून

१. प्रश्नाचे स्वरूप

‘लहान मुलांसाठी कोणती पुस्तके घ्यावीत?’ हा प्रश्न साहित्याच्या अध्यापकाला घरोघरी विचारला जातो. बहुतेक वेळा तो शिक्षणशास्त्राचा किंवा पालकत्वाचा प्रश्न मानून बाजूला ठेवला जातो. वर्गात आपण संहिता, भाषांतर, स्वीकृती, प्रमाणभूत साहित्यकृतींची निर्मिती यांची चर्चा करतो. पण पाच वर्षांच्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे हे ठरवताना याच सगळ्या संकल्पना पणाला लागतात, याकडे आपले लक्ष जात नाही. शिफारस ही साहित्यसमीक्षेचीच एक कृती आहे आणि चित्रपुस्तकांच्या संदर्भात ती तौलनिक दृष्टीशिवाय नीट पार पाडता येत नाही, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे.

प्रौढ वाचकाच्या साहित्यात समीक्षकाची शिफारस दुय्यम असते. समीक्षकाने नाकारलेली कादंबरीही वाचक स्वतः शोधून वाचू शकतो. बालसाहित्यात ही वाट बंद असते. येथे लिहिणारा, चित्रे काढणारा, प्रकाशित करणारा, शिफारस करणारा, विकत घेणारा आणि पुष्कळदा मोठ्याने वाचून दाखवणाराही प्रौढच असतो. मूल शेवटच्या टोकाला असते. एमर ओ’सलिव्हन यांनी बालसाहित्याच्या तौलनिक अभ्यासावरील आपल्या ग्रंथात (जर्मन आवृत्ती २०००, इंग्रजी आवृत्ती २००५) या व्यवहारातील विषमता हे बालसाहित्याचे व्यवच्छेदक लक्षण मानले आहे. या विषमतेमुळे शिफारशीला वेगळेच वजन प्राप्त होते. शिफारस न झालेले पुस्तक मुलापर्यंत पोहोचतच नाही.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. इंदूर, वडोदरा किंवा दिल्ली येथील मराठी कुटुंबात मुलाच्या वाट्याला चारपाच मराठी पुस्तके येतात. ती सुट्टीत पुण्या-मुंबईहून आणलेली किंवा कोणी भेट दिलेली असतात. त्या मुलापुरते मराठी साहित्य म्हणजे ती चारपाच पुस्तके. ती कोणती असावीत हा प्रश्न म्हणून क्षुल्लक नाही.

२. सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक

शिफारशींच्या याद्यांत होणारा पहिला घोटाळा संज्ञेचा आहे. ‘भरपूर चित्रे असलेले पुस्तक’ म्हणजे चित्रपुस्तक असे सरसकट मानले जाते. सचित्र पुस्तकात कथा शब्दांनी पूर्ण होते. चित्रे तिची शोभा वाढवतात, क्वचित तिचा खुलासा करतात, परंतु ती काढून टाकली तरी कथा उभी राहते. चित्रपुस्तकात मात्र अर्थ शब्द, चित्र आणि पान उलटण्याची क्रिया या तिहींच्या संबंधातून निर्माण होतो. बार्बरा बेडर यांनी १९७६ साली अमेरिकन चित्रपुस्तकांचा इतिहास लिहिताना, पेरी नोडलमन यांनी १९८८ साली आणि मारिया निकोलायेव्हा व कॅरोल स्कॉट यांनी २००१ साली आपापल्या ग्रंथांत हा संबंध विशद केला. या संबंधाचे प्रकार स्थूलमानाने तीन सांगता येतील. चित्र शब्दांचेच म्हणणे पुन्हा सांगते, हा पहिला. शब्दांनी न सांगितलेले चित्र भरून काढते, हा दुसरा. शब्द आणि चित्र परस्परांपासून फटकून वागतात, हा तिसरा.

तिसऱ्या प्रकाराचे सुपरिचित उदाहरण म्हणजे पॅट हचिन्स यांचे ‘रोझीज वॉक’ (१९६८). कोंबडी शेतावरून फेरफटका मारते, एवढेच त्यातील एकुलते वाक्य सांगते. तिच्या मागे लागलेला आणि पावलोपावली फसणारा कोल्हा केवळ चित्रांत आहे. शब्दांत त्याचा उल्लेखही नाही. वाचता न येणारे मूल चित्राकडे पाहत असते, म्हणून वाचून दाखवणाऱ्या प्रौढाच्या शब्दांपेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. ज्ञानाची नेहमीची उतरंड येथे उलटते आणि पुस्तकातील गंमत त्यातूनच जन्म घेते. मॉरिस सेंडाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या पुस्तकात मॅक्सची कल्पना जसजशी विस्तारते तसतशी चित्रे पानावर वाढत जातात. मध्यावर सलग तीन वेळा समोरासमोरची दोन्ही पाने चित्रांनी व्यापलेली असून तेथे एकही शब्द नाही. शेवटच्या पानावर मात्र केवळ शब्द उरतात, चित्र नाही. ही रचना लक्षात न घेता ‘खोडकर मुलाची गोष्ट’ एवढ्यावर पुस्तकाची शिफारस करणे म्हणजे कवितेचा गद्य अन्वय सांगून ती वाचनीय असल्याचे म्हणण्यासारखे आहे.

३. बहुभाषिक जन्म

चित्रपुस्तकाचा पूर्वज म्हणून ज्याचा निर्देश होतो ते कोमेनियस यांचे ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले, ते लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत शेजारी शेजारी छापून. म्हणजे मुलांसाठीचे चित्र आणि एकाहून अधिक भाषा यांचा संबंध आरंभापासूनचा आहे. भारतीय संदर्भात तो अधिक घट्ट आहे. ‘चांदामामा’ १९४७ साली तेलुगू व तमिळमध्ये सुरू झाले आणि पुढे ‘चांदोबा’ म्हणून मराठीत आले, तेव्हा चित्रे तीच राहिली, शब्द बदलले. १९५७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पुस्तक न्यासाने ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतून एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत देण्याची हीच पद्धत अवलंबिली. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने १९९६ पासून अनेक भारतीय भाषांत, मराठीतही, चित्रपुस्तके काढली. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हे मुक्त परवान्याचे व्यासपीठ उभे केले; तेथे चित्रे तशीच ठेवून कोणालाही आपल्या भाषेत कथा नेता येते.

मराठीपुरते बोलायचे तर मुलांसाठीच्या मुद्रित मराठीचा एक आरंभबिंदू महाराष्ट्राबाहेर, तंजावरला आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापाच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आले ते १८२८ साली, आणि तेही फ्रेंच मूळ असलेल्या इंग्रजी पुस्तकाचे भाषांतर होते. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉस्कोहून प्रगती व रादुगा या प्रकाशनांची सुंदर छपाईची स्वस्त मराठी पुस्तके येत राहिली आणि १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर तो ओघ आटला. तात्पर्य, मराठी मुलाची पुस्तकाची फळी ही नेहमीच भाषांतरित आणि अनुवादमिश्रित राहिली आहे. शिफारस करणाऱ्याने प्रथम हे मान्य करावयास हवे. ‘अस्सल मराठी’ आणि ‘परके’ अशी वाटणी येथे टिकत नाही. चांगले भाषांतर आणि वाईट भाषांतर हा भेद मात्र टिकतो.

४. चित्र स्थिर, भाषा चल

चित्रपुस्तकाच्या भाषांतरात एक अडचण अशी आहे, जी कादंबरीच्या भाषांतरकाराला नसते : चित्र बदलता येत नाही. भाषांतरित वाक्याची साक्ष काढायला ते शेजारीच उभे असते. एरिक कार्ल यांच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ (१९६९) मधील सुरवंट शनिवारी जे नाना पदार्थ खातो त्यांत ‘पिकल’ आहे. मराठीत त्याचे ‘लोणचे’ करणे सहज सुचते. परंतु चित्रात आहे ती हिरवी अखंड काकडी. कैरीच्या फोडी ओळखणारे मूल त्या पानावर बोट ठेवून ‘हे लोणचे नाही’ असे म्हणेल, आणि त्याचेच बरोबर असेल.

याहून खोल प्रश्न व्याकरणिक लिंगाचा आहे. बंगालीत सर्वनामात व क्रियापदात लिंगभेद नाही; त्यामुळे बंगाली कथेतील मूल मुलगा की मुलगी हे अखेरपर्यंत अनुक्त राहू शकते. तमिळमध्ये मानव आणि मानवेतर असा भेद क्रियापदापर्यंत पोहोचतो. तेथे बोलणाऱ्या सशाला मानवाच्या पंक्तीत बसवायचे की नाही हा निर्णय भाषांतरकाराला घ्यावा लागतो. हिंदीत ‘मछली’ स्त्रीलिंगी; मराठीत ‘मासा’ पुल्लिंगी. आईच्या शोधात निघालेल्या लहानग्या ‘मछली’ची हिंदी कथा मराठीत आणताना ‘मासा’ म्हणावे तर नायिकेचा नायक होतो. ‘मासोळी’ म्हणावे तर स्त्रीलिंग राखले जाते आणि शब्दात लडिवाळपणाही येतो. चित्रातील माशाच्या डोक्यावर रिबीन असेल तर निवड उरतच नाही.

मराठीला येथे एक सोय आहे, जिची दखल आपण पुरेशी घेतलेली नाही. नपुंसकलिंग ही ती सोय होय. ‘मूल’, ‘बाळ’, ‘पिल्लू’, ‘लेकरू’, ‘कोकरू’, ‘वासरू’ असे लहानपणाचे बहुतेक शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत. मालवणीत तर ‘चेडू’ हा मुलगीवाचक शब्दही त्याच लिंगाचा आहे. कथेतील पात्र मुलगा की मुलगी हे खुले ठेवायचे असेल तर हिंदीला कसरत करावी लागते. मराठी ते सहज करू शकते. सुरवंटाच्या गोष्टीत तर व्याकरणच रूपांतराला साथ देते. पुल्लिंगी सुरवंट अखेरीस नपुंसकलिंगी ‘फुलपाखरू’ होतो, आणि मराठी वाक्य सहजपणे ‘सुरवंटाचे फुलपाखरू झाले’ असा षष्ठीचा आधार घेते. इंग्रजीच्या धर्तीवर ‘तो एक फुलपाखरू होता’ असे वाक्य ज्या भाषांतरात आढळते ते पुस्तक, त्याची चित्रे कितीही मोहक असोत, शिफारशीच्या पूर्वी दोनदा तपासावे.

नात्यांचेही तसेच. इंग्रजीतील ‘आंट’ मराठीत मावशी, आत्या, काकू किंवा मामी होते. मूळ संहिता मौन असेल तेथे भाषांतरकाराला कुटुंबाची रचनाच ठरवावी लागते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचेही असेच आहे : मराठी मूल आईला ‘तू’ म्हणते, आजोबांना बहुधा ‘तुम्ही’, आणि बाबांना काय म्हणते हे घरागणिक व पिढीगणिक बदलले आहे. चित्रपुस्तकातील एका सर्वनामात एवढा सामाजिक इतिहास सामावलेला असतो.

५. कानासाठी लिहिलेली भाषा

लहान मुलासाठीचे पुस्तक डोळ्यांइतकेच कानासाठी असते. येथे मराठीपुढे लेखी आणि बोली रूपांचा प्रश्न उभा राहतो. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकाचे शीर्षक ‘राधाचं घर’ असे आहे, ‘राधाचे घर’ असे नाही. प्रमाणलेखनातील एकारान्त रूपाऐवजी घरात बोलले जाणारे अनुस्वारयुक्त रूप त्यांनी निवडले आहे. ही केवळ लेखनशैलीची बाब नाही. ‘झाले’, ‘गेले’, ‘घरे’ असे मोठ्याने वाचणारी आजी नातवंडाशी एका भाषेत बोलते आणि पुस्तकातून दुसऱ्या भाषेत. ‘झालं’, ‘गेलं’, ‘घरं’ असे छापलेले असेल तर पुस्तकाचा आणि घराचा आवाज एक होतो.

परंतु महाराष्ट्राबाहेर हीच निवड एक नवी अडचण उत्पन्न करते. हिंदी शाळेत शिकणाऱ्या, घरी मराठी बोलणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलाला असे एक पुस्तक मी वाचायला दिले होते. लिपी ओळखीची, म्हणून त्याने उत्साहाने आरंभ केला. आणि प्रत्येक ‘चं’ व ‘लं’ नाकात उच्चारला, कारण शाळेत शिकलेला अनुस्वार त्याला तेवढेच सांगत होता. तोच मुलगा बोलताना ही रूपे बिनचूक उच्चारत असे, पण छापलेल्या शब्दांत त्याला स्वतःची भाषा ओळखू आली नाही. आजीने तेच पान एकदा वाचून दाखवल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. त्यानंतर त्याने ते पान स्वतः वाचले, आणि बरोबर वाचले.

लिपी एक असणे हे येथे साहाय्यक आहे तसेच फसवेही आहे. ‘बाळ’, ‘फळ’, ‘डोळा’, ‘काळा’ हे शिशुपुस्तकांतील नित्याचे शब्द. पण ‘ळ’ हे अक्षर हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत नाही, आणि ‘बाळ’चा ‘बाल’ झाला की हिंदीत त्याचा अर्थ केस होतो. ‘चांगला’ आणि ‘चिमणी’, ‘जाड’ आणि ‘जेवण’ यांतील ‘च’ व ‘ज’ यांचे दोन उच्चार देवनागरी दाखवत नाही. ते कानानेच शिकावे लागतात. म्हणून प्रांताबाहेरील मराठी मुलासाठी पुस्तक सुचवताना ‘वाचता येईल का’ या प्रश्नाआधी ‘कोणी वाचून दाखवणार आहे का, आणि ते वाचून दाखवण्याजोगे आहे का’ हे विचारणे अगत्याचे आहे. ज्या घरात मराठी आता केवळ आजीच्या तोंडी उरली आहे, तेथे चित्रपुस्तक हे भाषा पुढे सोपवण्याच्या मोजक्या साधनांपैकी एक असते. आजीचा आवाज आहे तोवरच ते साधन चालते.

६. शिफारशीचे निकष

प्रचलित याद्यांत दोन निकष प्रबळ दिसतात : वयोगट आणि संस्कार. दोन्ही निरुपयोगी नाहीत, पण अपुरे आहेत.

वयोगटाची पाटी ग्रंथपालाला सोयीची असते. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ ही वये एका टप्प्यात घेतली आहेत. ‘स्टोरीवीव्हर’वर शब्दसंख्या व वाक्यरचना पाहून चार वाचनस्तर केले आहेत. परंतु हे स्तर स्वतः वाचणाऱ्या मुलासाठी आहेत. ऐकणारे मूल आपल्या वाचनक्षमतेच्या बरेच पुढे असते, आणि निःशब्द चित्रपुस्तक तर कोणत्याच स्तरात बसत नाही.

संस्काराचा निकष अधिक खोल रुजलेला आहे. इसापापासून आपल्याकडे गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ छापण्याची सवय आहे आणि ‘संस्कारक्षम’ हे शिफारशीतील आवडते विशेषण आहे. भारतीय परंपरेतच याला उत्तर सापडते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी गोष्ट सांगण्याचे शास्त्र मांडताना आनंद हा गोष्टीचा पहिला हेतू मानला. त्यांच्यासमवेत तेथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो विचार मराठीत आणि पुढे बोर्डी-कोसबाडच्या बालशिक्षणात आणला. बालसाहित्याच्या विचारात गुजराती-मराठी हा दुवा इंग्रजी-मराठी दुव्याइतकाच महत्त्वाचा आहे, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

तिसरा निकष प्रतिनिधित्वाचा. अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली पुस्तकांना आरसा, खिडकी आणि सरकते काचेचे दार अशा उपमा दिल्या : मुलाला स्वतःचे जग दिसावे, दुसऱ्याचे दिसावे आणि त्यात शिरताही यावे. मराठी चित्रपुस्तकांतील घर बहुधा शहरी, मध्यमवर्गीय आणि प्रमाण बोलणारे असते. वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलासाठी ते खिडकी आहे. आरसा त्याला क्वचितच मिळतो. याउलट गोंड चित्रकार भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती यांच्या चित्रांचे ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (तारा बुक्स, २००६) हे काळ्या हातकागदावर हाताने छापलेले पुस्तक जगभर गौरवले गेले. मात्र ज्या गोंड मुलांच्या घराच्या भिंतींवरून ही चित्रभाषा आली, त्यांच्या हाती असे मोलाचे पुस्तक पडणे दुरापास्त आहे. उत्तम पुस्तक आणि पोहोचणारे पुस्तक हे दोन वेगळे निकष असून शिफारशीत दोन्हींचा उच्चार व्हावयास हवा.

या विवेचनावरून शिफारशीच्या प्रत्येक नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात असे सुचवावेसे वाटते : (१) लेखकाबरोबरच चित्रकाराचे नाव, आणि पुस्तक भाषांतरित असल्यास मूळ भाषा व भाषांतरकार, (२) शब्द व चित्र यांचा संबंध तिहींपैकी कोणता, (३) मोठ्याने वाचताना भाषा कशी लागते, (४) कोणाचे जग त्यात आहे आणि कोणाचे नाही, (५) किंमत व उपलब्धता, (६) पुस्तकाची मर्यादा. मर्यादा न सांगणारी शिफारस ही जाहिरात होय.

उदाहरणादाखल, ‘राधाचं घर’विषयी अशी नोंद करता येईल : लेखन व चित्रे माधुरी पुरंदरे, मूळ मराठी, ज्योत्स्ना प्रकाशन. एका लहान मुलीच्या नजरेतून घरातील माणसांचा परिचय. लेखिका आणि चित्रकार एकच असल्याने शब्द नेमके कोठे थांबावेत याचे भान आहे. घरगुती बोली, मोठ्याने वाचण्यास अनुकूल. हिंदी माध्यमातील मुलाला प्रथम वाचून दाखवावे. मर्यादा : घर शहरी आहे, ग्रामीण मुलासाठी सोबत दुसरे पुस्तक असावे. या आठ-दहा ओळींत पालकाला लागणारी माहिती आहे आणि अभ्यासकाला लागणारीही.

७. समारोप

माधुरी पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. असे सन्मान मोलाचे आहेत, पण पुरस्कार एका लेखकाची निवड करतो. पुस्तकांच्या फळीची निवड त्याने होत नाही. ती फळी मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ, इंग्रजी अशा अनेक दिशांनी भरत आली आहे आणि तिची पारख एका भाषेत राहून करता येत नाही. मछली आणि मासोळी यांतील अंतर, ‘चं’चा उच्चार, लोणच्याच्या जागी दिसणारी काकडी या बाबी लहान आहेत, पण मुलाचा पुस्तकावरचा विश्वास अशाच ठिकाणी बसतो किंवा उडतो. विद्यापीठीय अभ्यासकांनी, विशेषतः अनेक भाषा ज्यांच्या नित्य व्यवहारात आहेत अशांनी, शिफारशीचे हे काम आपले मानावे. दरवर्षी प्रत्येकाने आपल्या भाषाजोडीतील दहा पुस्तकांच्या सटीप नोंदी जरी केल्या, तरी त्यांचा उपयोग पालकांना होईल, ग्रंथपालांना होईल आणि पुढे या विषयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यालाही होईल.